फुटाचा दर आणि भुकटीचा हिशेब

जमिनीत खोल भोक पाडताना खडक फोडणे हेच खरे काम असून फुटलेला खडक बाहेर पडणे ही त्यामागून आपोआप घडणारी गोष्ट आहे, हा समज बुलढाणा जिल्ह्यातल्या मोताळा तालुक्याच्या शिवारांत जितका घट्ट रुजलेला आहे तितकाच तो यंत्रे विकणाऱ्यांच्या जाहिरातपत्रकांतही आढळतो. या समजातून बोअर फसल्याची कारणे ठरावीकच निघतात : पाणाड्याने जागा चुकीची दाखवली, पाषाण फार कठीण लागला, कॉम्प्रेसर कमी ताकदीचा होता, किंवा नशिबातच पाणी नव्हते. उपायही मग ठरावीकच सुचतो, आणखी दाब आणि आणखी खोली. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन याच्या नेमके विरुद्ध आहे. भोकाची खोली, त्याचा टिकाऊपणा आणि त्यातून मिळणारे पाणी या तिन्ही गोष्टी फुटलेला खडक किती वेगाने आणि किती पूर्णपणे वर आणला जातो यावर ठरतात, आणि मोताळ्यात ज्या एका कामाचे पैसे कोणी मागत नाही व कोणी देत नाही ते काम हेच आहे.

प्रथम या चुऱ्याचे प्रमाण लक्षात घेतले पाहिजे, कारण ते डोळ्यांना दिसते त्यापेक्षा बरेच मोठे असते. साडेसहा इंची, म्हणजे सुमारे 165 मिलिमीटर व्यासाचे, 200 मीटर खोल भोक पाडले तर त्यातून सव्वाचार घनमीटरांहून थोडा अधिक सलग खडक काढावा लागतो आणि दख्खनच्या काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसाल्टची, घनता पाहता त्याचे वजन बारा टनांच्या आसपास भरते. हा सगळा माल एका हाताच्या पंजाएवढ्या रुंदीच्या भोकातून, रॉड आणि भोकाची भिंत यांच्यामध्ये उरलेल्या कड्याच्या आकाराच्या अरुंद पोकळीतून, दहा-बारा तासांत वर यायचा असतो. ही वलयाकार पोकळी हाच संपूर्ण कामाचा गळा आहे. जात्याच्या पाळ्यांमधून पीठ बाहेर पडलेच नाही तर वरून कितीही दाणे घातले तरी नवे दळण होत नाही, आधीचेच पीठ पुन्हा दळले जाते. तसेच तळाशी अडकलेल्या चुऱ्यावर हॅमरचे घाव पडत राहतात, डिझेल जळत राहते आणि खाली अखंड खडकाला बिटचा, म्हणजे हॅमरच्या फोडणाऱ्या टोकाचा, स्पर्शही होत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र यंत्र पूर्ण जोमात चाललेले दिसते, आणि खडक कठीण असल्याचा निष्कर्ष अशाच वेळी निघतो.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की चुरा वर आणण्याचे शास्त्र तेल आणि वायूच्या विहिरींसाठी आहे, हजारो मीटर खोलीच्या त्या विहिरींचा घाटाखालच्या तालुक्यातल्या बोअरशी काय संबंध? हा आक्षेप भूगोलाच्या दृष्टीनेही फारसा टिकत नाही. मुंबईच्या वायव्येला सुमारे 160 किलोमीटरवर, जेथे ‘सागर सम्राट’ या सागरी यंत्रतळाने फेब्रुवारी 1974 मध्ये तेल शोधले आणि 1976 पासून उत्पादन सुरू झाले, त्या मुंबई हायच्या तेलधारक चुनखडकाखाली काही भागांत हाच दख्खनचा पाषाण पसरलेला आहे. पण खरे उत्तर भूगोलाचे नसून पदार्थविज्ञानाचे आहे. खडकाचा तुकडा कोणत्याही द्रवात किंवा वायूत स्वतःच्या वजनाने एका ठरावीक वेगाने खाली पडतो. त्याला वाहून नेणारा प्रवाह त्याहून अधिक वेगाने वर जात असेल तरच तुकडा वर येतो, आणि दोन वेगांमधला फरक हाच त्याचा प्रत्यक्ष चढण्याचा वेग असतो. हा नियम समुद्रात आणि मोताळ्यात वेगळा असण्याचे कारण नाही. वेगळे आहे ते वाहन.

तेलाच्या विहिरीत हे वाहन म्हणजे ‘मड’ किंवा चिखलद्रव : पाणी वा तेलात बेंटोनाइट नावाची फुगणारी माती कालवून, गरजेनुसार बराइटसारखी जड खनिजभुकटी घालून तयार केलेले मिश्रण. ते पोकळ रॉडमधून खाली ढकलले जाते, बिटच्या छिद्रांतून तळावर आदळते आणि वलयाकार पोकळीतून चुरा घेऊन वर येते. वर हलत्या चाळण्यांवर चुरा वेगळा काढून तोच मड पुन्हा खाली पाठवतात. पाच मिलिमीटरचा खडकाचा कण स्वच्छ पाण्यात सेकंदाला फूटभर वेगाने बुडतो, मडच्या दाटपणामुळे तो बराच हळू बुडतो, आणि मडचा आणखी एक गुण असा की पंप थांबला की तो दह्यासारखा विरजतो व कणांना जागच्या जागी धरून ठेवतो. अमेरिकेतल्या टेक्सासमधील स्पिंडलटॉप येथे 1901 साली निघालेल्या प्रसिद्ध तेलविहिरीच्या वेळी ढासळणारी वाळू आवरण्यासाठी तळ्यात गुरे फिरवून गढूळ केलेले पाणी वापरल्याचे सांगतात. त्या गढूळ पाण्यापासून आजच्या मोजूनमापून बनवलेल्या मडपर्यंतचा प्रवास हा फोडण्याच्या शास्त्राचा जेवढा आहे त्याहून कितीतरी अधिक वाहून नेण्याच्या शास्त्राचा आहे.

या शास्त्रातला सर्वांत शिकवणारा धडा तिरप्या विहिरींचा आहे. समुद्रातल्या एकाच तळावरून अनेक विहिरी वेगवेगळ्या दिशांना न्यायच्या असल्यामुळे त्या तिरप्या घ्याव्याच लागतात, आणि सामान्य तर्क सांगतो की उभ्या भोकातून माल वर आणणे सर्वांत अवघड, तिरप्यातून त्याहून सोपे असणार. अनुभव उलटा आहे : उभ्या रेषेपासून साधारण 30 ते 60 अंश कललेला टप्पाच सर्वांत त्रासदायक ठरतो, कारण तिथे कणांना तळापर्यंत पडावे लागत नाही, काही सेंटिमीटर पडून ते भोकाच्या खालच्या भिंतीवर विसावतात, थर साचतो, आणि उतार पुरेसा असल्याने तो थर लोटासारखा खाली घसरतो. याची मूळ गुरुकिल्ली तेलउद्योगात सापडलेली नाही. बॉयकॉट या इंग्रज वैद्यकशास्त्रज्ञाने 1920 मध्ये रक्ताच्या नळ्यांविषयी लिहिले होते की तिरप्या ठेवलेल्या नळीत रक्तपेशी उभ्या नळीपेक्षा वेगाने खाली बसतात. रक्ताच्या नळीतले निरीक्षण तेलविहिरींच्या अभियंत्यांच्या कामी आले, तर तेलविहिरीतले बोअरच्या गाडीला कसे परके, हा प्रश्न आक्षेप घेणाऱ्यांनीच सोडवावा. मोताळ्यातले बोअर उभे असते हे खरे. पण गाडी नीट समतल न करता उभी केली, किंवा कठीण-मऊ थरांच्या सांध्यावर बिट सरकला, की ‘उभे’ हा शब्द कागदावरच उरतो.

आता मोताळ्याच्या वाहनाकडे, म्हणजे हवेकडे, वळता येईल. कठीण खडकातल्या विंधन विहिरी ज्या पद्धतीने घेतल्या जातात तिच्यात कॉम्प्रेसरची हवा रॉडमधून खाली जाऊन भोकाच्या तळाशी असलेल्या हॅमरचा दट्ट्या हलवते आणि तीच हवा बाहेर पडताना चुरा वर उडवते. एकाच हवेकडून दोन कामे करून घेतली जातात, आणि सर्वसाधारण घोटाळा इथेच होतो : हॅमरला हवा असतो दाब, चुऱ्याला हवा असतो वेग, आणि वेग दाबावर नव्हे तर हवेच्या आकारमानावर व पोकळीच्या क्षेत्रफळावर ठरतो. हवा मडपेक्षा कितीतरी विरळ असल्याने पाच मिलिमीटरचा बेसाल्टचा कण तिच्यात सेकंदाला पंधरा मीटरांच्या आसपास वेगाने पडतो. म्हणून वर जाणाऱ्या हवेचा वेग सेकंदाला किमान 15 ते 25 मीटर असावा, असा या धंद्यातला रूढ संकेत आहे. 165 मिलिमीटरच्या भोकात मिनिटाला 15 घनमीटर हवा सोडली आणि रॉड 114 मिलिमीटर जाडीचा असला तर पोकळीतला वेग सेकंदाला सुमारे 22 मीटर येतो. तीच हवा, तेच भोक, पण रॉड 76 मिलिमीटरचा असला तर वेग 15 मीटरांच्याही किंचित खाली उतरतो. म्हणजे कॉम्प्रेसर न बदलता, केवळ बारीक रॉड लावल्यामुळे, मोठे कण अधांतरी तरंगत राहण्याच्या अवस्थेला पोचतात. गाडी ठरवताना कॉम्प्रेसर किती मोठा हे विचारले जाते. रॉड किती जाड हे सहसा कोणी विचारत नाही.

याला प्रत्युत्तर तयारच असते : आजच्या गाड्यांवरचे कॉम्प्रेसर मिनिटाला 1,100 घनफूट, म्हणजे 31 घनमीटर, हवा देतात, तेव्हा हा सगळा जुना हिशेब झाला. जाड रॉडच्या सलग पोकळीत ही हवा सेकंदाला 46 मीटर वेगाने वर जाते, इतके प्रत्युत्तर बरोबर आहे. पण मोताळ्याचा खडक सलग नाही. लाव्हाच्या एकावर एक थरांमध्ये कठीण काळा पाषाण, बुडबुड्यांच्या पोकळ्या असलेला मऊ मांजऱ्या खडक आणि दोन थरांमधली गेरूसारखी लाल माती यांची आळीपाळी असते, आणि मऊ पट्ट्यांत भोकाची भिंत ढासळून रुंद होते. एखाद्या पट्ट्यात भोक 300 मिलिमीटर रुंद झाले की त्याच पोकळीचे क्षेत्रफळ पाचपटींहून अधिक वाढते आणि 46 मीटरांचा वेग त्या टप्प्यात नऊ मीटरांखाली येतो. खालून जोरात आलेला चुरा त्या रुंद जागेत शिरताच थबकतो, घिरट्या घालतो, साठत जातो, आणि रॉड जोडण्यासाठी हवा बंद केली की सगळा एकदम हॅमरच्या डोक्यावर कोसळतो. अडकलेल्या हॅमरची जी कथा नंतर सांगितली जाते तिच्यात दोष लाल मातीला दिला जातो. पण रॉड जोडण्याआधी घाव थांबवून काही मिनिटे नुसती हवा सोडली असती आणि रुंद झालेल्या पट्ट्यातून रॉड वर-खाली फिरवला असता, तर त्या मातीने काय केले असते हे पाहण्याची तसदी घेतली जात नाही. शिवाय हवा वाढवत नेणे हाही निरुपद्रवी उपाय नाही, कारण अतिवेगी, चुऱ्याने भरलेली हवा मऊ भिंतीला कानशीसारखी घासते आणि ज्या रुंदपणामुळे अडचण आली तोच वाढवते.

पाणी लागल्यावर तर परिस्थिती आणखी फसवी होते. कोरड्या भोकातून धूळ उडते, भरपूर पाण्याबरोबर चुरा वाहून येतो. पण नुसता ओलावा असला, की बेसाल्टची बारीक भुकटी कणकेसारखी मळली जाऊन रॉडभोवती व भिंतीवर कडी धरते आणि गळा आवळत जातो. अशा वेळी वरून थोडे पाणी किंवा फेस देणारे द्रव्य हवेत सोडून ती कणीक सैल करणे हा उपाय या धंद्यातल्या जाणत्यांना ठाऊक आहे. शेतकऱ्याला मात्र बोअरमध्ये पाणी ‘ओतले’ जात असल्याचा संशय येतो. उलट खूप पाणी लागले तर दर दहा मीटर पाण्याच्या स्तंभामागे हवेला चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅम दाबाविरुद्ध काम करावे लागते, म्हणजे 150 मीटर पाणी डोक्यावर असताना कॉम्प्रेसरच्या 21 किलोग्रॅम दाबापैकी जेमतेम सहा हॅमरच्या वाट्याला उरतो. या एकाच प्रसंगापुरता दाबाचा आग्रह रास्त ठरतो, आणि हे मान्य करण्यात प्रस्तुत प्रतिपादनाचे काहीही बिघडत नाही.

दुसऱ्या टोकाचा एक गैरसमज शिकलेल्या मंडळींमध्ये आढळतो : तेलवाले मड वापरतात, तेव्हा पाण्याच्या बोअरलाही मडच वापरावा, हवा ही गरिबांची तडजोड आहे. हेही चूक आहे. मोताळ्याच्या पाषाणात पाणी असते ते बारीक भेगांत आणि सांध्यांत, आणि भिंतीवर लेप देऊन द्रव बाहेर झिरपू न देणे हाच मडचा गुण त्या भेगा बुजवून टाकतो. तेलाच्या विहिरीत ज्याला गुण म्हणतात तो इथे घात ठरतो. याउलट तालुक्याच्या उत्तरेला, नांदुरा आणि मलकापूरच्या दिशेने पूर्णेच्या खोऱ्यात उतरले की खडकाऐवजी गाळाची माती, वाळू आणि रेतीचे जाड थर लागतात. तिथे हवेने भोक उभे राहतच नाही, आणि मड फिरवून घेतलेली, जाळीचे पाइप बसवलेली कूपनलिका हाच मार्ग उरतो. सरकारी मराठीत ‘विंधन विहीर’ आणि ‘कूपनलिका’ असे दोन शब्द वेगळे ठेवले आहेत ते उगाच नव्हे. एका जिल्ह्यात, काही कोसांच्या अंतरावर, चुरा वाहून नेण्याचे साधन खडकाने ठरवले जाते. मालकाच्या ऐपतीने किंवा पुस्तकाच्या प्रतिष्ठेने ते ठरत नाही.

चुरा निरुपयोगी असतो, हा या वादातला सर्वांत महागात पडणारा समज आहे, कारण तो केवळ यंत्राचे नव्हे तर ज्ञानाचे नुकसान करतो. तेलाच्या विहिरीवर चाळणीवरून आलेल्या चुऱ्याचे नमुने ठरावीक अंतरांनी धुऊन, भिंगाखाली तपासून, खोलीची नोंद करून पिशव्यांत भरले जातात. विहिरीने कोणते थर ओलांडले हे सांगणारा तो पहिला साक्षीदार असतो. या साक्षीदारात एक दोष आहे. मड सेकंदाला साठ सेंटिमीटर वेगाने वर येत असेल तर 2,000 मीटर खोलीवरच्या कणाला वर पोचायला पाऊण तासाहून अधिक, जवळजवळ तास लागतो, वाटेत इतर थरांचा चुरा त्यात मिसळतो, आणि हा उशीर वजा करूनच त्याची साक्ष ऐकावी लागते. मोताळ्याच्या बोअरमध्ये हवेबरोबर आलेला कण 200 मीटरवरून अर्ध्या-एक मिनिटात, बहुधा त्याहूनही लवकर, हातात पडतो. समुद्रात कोट्यवधी रुपये खर्चून जी साक्ष उशिरा आणि भेसळ होऊन मिळते ती इथे ताजी आणि जवळजवळ निर्भेळ मिळत असते, आणि ती बांधावर ढीग होऊन पहिल्या पावसात वाहून जाते.

ही साक्ष काय सांगू शकते याची उदाहरणे महाराष्ट्राबाहेर शोधावी लागत नाहीत. 1993 च्या भूकंपानंतर किल्लारी येथे घेतलेल्या 617 मीटर खोल विंधनातून आलेल्या खडकामुळेच तिथल्या पाषाणाची जाडी 338 मीटर असल्याचे आणि त्याखाली प्राचीन खडकाचा तळ असल्याचे प्रत्यक्ष कळले. कोयनेच्या परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी 2017 मध्ये पूर्ण झालेल्या 3 किलोमीटर खोलीच्या विंधनात पाषाणाचा थर सुमारे सव्वा किलोमीटर जाड निघाला आणि पुढे ग्रॅनाइट व नाइसचा तळ लागला. मोताळ्याच्या शेतकऱ्याला इतक्या खोलीचे काम नाही, पण कितव्या फुटाला राखाडी भुकटी लाल झाली, कितव्या फुटाला पांढरे गारगोटीसारखे कण दिसू लागले आणि कुठे चुरा एकदम भरड व ओला झाला, एवढी नोंद शंभर बोअरची एकत्र असती तर शेजाऱ्याचे एकशे एकावे बोअर पाणाड्याच्या नारळावर अवलंबून राहिले नसते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या विंधनांत थरांची नोंद ठेवण्याची पद्धत आहे. खाजगी बोअरची संख्या त्यांच्या कितीतरी पटींनी अधिक असून त्यांची नोंद बहुधा रॉडच्या मोजणीपलीकडे जात नाही.

या दुर्लक्षाचे कारण अज्ञान आहे असे म्हणणे बोअरवाल्यांवर अन्याय करणारे ठरेल. तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडेसारख्या गावातून देशभर फिरणाऱ्या गाड्यांवरचे कामगार हातात घेतलेल्या भुकटीवरून खडक ओळखण्यात पुष्कळ पदवीधरांना मागे टाकतील. कारण व्यवहारात आहे : काम फुटाच्या दराने ठरते. दर फुटाला असल्यामुळे घाव घालण्याचे प्रत्येक मिनिट कमाईचे आणि नुसती हवा सोडून भोक साफ करण्याचे प्रत्येक मिनिट तोट्याचे होते. डिझेल दोन्ही वेळा जळते, पैसे एकदाच मिळतात. असा करार करून मग साफसफाई नीट होत नाही अशी तक्रार करणे म्हणजे वजनावर कापूस विकत घेऊन तो ओला का आला असे विचारण्यासारखे आहे. खोलीचा हा मोह कायद्यालाही दिसलेला आहे. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, 2009 ने 60 मीटरांहून खोल विहिरीला ‘खोल विहीर’ मानून तिच्यावर निर्बंधांची तरतूद केली. त्या तरतुदीमागे भूजलाचा उपसा रोखण्याचा हेतू आहे आणि तो योग्यच आहे, पण खोली हाच मोजण्याचा एकमेव विषय आहे या समजाला कायद्याच्या भाषेनेही नकळत दुजोरा मिळतो.

चुऱ्याच्या विल्हेवाटीबाबतही दोन टोके टाळली पाहिजेत. समुद्रातल्या विहिरींसाठी केंद्र सरकारने 2005 मध्ये चुऱ्याला चिकटलेल्या तेलाची मर्यादा किलोग्रॅममागे 10 ग्रॅम अशी घालून दिली, कारण तिथे चुऱ्याबरोबर मडमधली द्रव्ये बाहेर पडतात. मोताळ्याच्या हवेने निघालेल्या भुकटीत तसले काही नसते. तालुक्याची काळी माती अखेर याच पाषाणातून बनलेली आहे, त्यामुळे ती भुकटी विषारी असल्याची भीती निराधार आहे. तरीही बारा टन ताजी दगडी धूळ उभ्या कपाशीवर आणि गाडीवरच्या पोरांच्या छातीत जाणे ही बाब वेगळी, आणि भोकाच्या तोंडाशी पाण्याचा फवारा व नाकातोंडावर मास्क यांना कोणत्याही नव्या संशोधनाची वाट पाहावी लागत नाही.

राहिला शेवटचा युक्तिवाद, की थोडाफार चुरा राहिला तरी पंप लावल्यावर तो पाण्याबरोबर निघून जातो. बारीक गढूळपणा निघतो, हे खरे. भरड चुरा पंपाच्या पाण्याबरोबर वर येत नाही, तळाशी बसतो, आणि मधला जो भाग निघतो तो पंपाची पाती झिजवत निघतो. किती चुरा म्हणजे ‘थोडाफार’? 200 मीटर भोकातला केवळ विसावा भाग खाली राहिला तर तो दहा मीटर सलग खडकाइतका असतो, आणि फुटलेला खडक सैल होऊन दीडपट फुगतो असे धरले तर तो तळाचे पंधरा मीटर, म्हणजे जवळजवळ पन्नास फूट, भरून टाकतो. त्या पन्नास फुटांचे पैसे रॉड मोजून दिले गेलेले असतात आणि शेवटची, सर्वांत खोल भेग बहुधा त्याच भरलेल्या भागात गाडली गेलेली असते. हे तपासायला कोणतेही यंत्र लागत नाही : दोरीला वजन बांधून ती बोअरमध्ये सोडली, तळ लागल्यावर वर ओढून मोजली, आणि रॉडच्या मोजणीशी ताडून पाहिली की फरक हातात येतो, तो फरक करारात धरायचा, म्हणजे दर फोडलेल्या फुटाला न लावता दोरीने मोजलेल्या मोकळ्या फुटाला लावायचा, आणि मोजणी गाडीचे रॉड पुन्हा चढवून बांधण्याआधी करायची.